तुलनेचा पाय

६ ऑगस्ट २०१८

यंत्र आलं! आबासाहेबांच्या गाडीच्या डिकीतून, कांद्याच्या दोन पिशव्यांच्या मधून बाहेर काढलं. तळहाताएवढं आहे. एका बाजूला मऊ गादी, दुसऱ्या बाजूला आकड्यांची काच. गादीवर पायाने रेटायचं, किती किलोंचा जोर लागला ते काचेवर दिसतं. एवढ्याशा वस्तूसाठी मी दोन वर्षं अर्ज करत होते.

आबासाहेब म्हणजे आमच्या बंद पडलेल्या कारखान्याचे चेअरमन, कारखान्याच्या ट्रस्टच्या या दवाखान्याचे अध्यक्ष, आणि ऊसतोड मजुरांच्या सहकारी संस्थेचेही तेच. एका माणसाला तीन खुर्च्या, आणि गाळपाला मात्र टिपरूभर ऊस नाही. पाटोद्यापासून गेवराईपर्यंत सगळीकडे तीच बोंब. त्यामुळे यंदा जो उठेल तो तोडीला पश्चिमेकडे जाणार. गेल्या हंगामात संस्थेने मोडकीतोडकी माणसं पाठवली म्हणून तिकडच्या कारखान्यांनी तक्रारी केल्या. आता दुखापत झालेल्या प्रत्येकाचे पाय आधी मी मोजायचे. पास झाला तर कार्ड, आणि कार्ड नसेल तर टोळीत नाव नाही.

"असं मोजा डॉक्टरीणबाई, कुनाला बोट ठिवायला जागा ऱ्हायला नको," आबासाहेब म्हणाले. मी इथली फिजिओथेरपिस्ट, पण दवाखान्यातले बाकीचे मला मालिशवालीच समजतात. आज पहिल्यांदा सगळ्यांच्या देखत कोणी डॉक्टरीण म्हणालं, आणि मला ते आवडलं.

पप्पा कारखान्याच्या वजनकाट्यावर कारकून होते. शाळेत पोरी मला "काटामारे" म्हणून हाक मारायच्या. त्यांच्या बापांचा ऊस काट्यावर चढताना एक आणि पावतीवर दुसरा असायचा म्हणे. पप्पांनी खरंच काटा मारला की नाही, मी कधी विचारलं नाही. पण मी जे मोजेन त्याला कोणी नाव ठेवता कामा नये, हे मी तेव्हाच ठरवलं होतं.

८ ऑगस्ट

फजिती झाली.

पहिली पेशंट शिवकन्या. चोवीस वर्षांची, काटक, डोळे सतत माझ्या हाताकडे. गेल्या हंगामात उसाची मोळी डोक्यावर घेऊन ट्रकच्या फळीवर चढताना पडली. उजवी मांडी मोडली, आत रॉड आहे. तिला कॉटच्या काठावर बसवलं, नडगीसमोर यंत्र धरून मी चाकाच्या स्टुलावर बसले आणि म्हटलं, रेट. चांगल्या डाव्या पायाने तिने असं रेटलं की मी स्टुलासकट मागच्या कपाटावर आदळले. छबुबाई, आमची आया, पदर तोंडाला लावून हसत होती. शिवकन्या घाबरून म्हणाली, "लई लागलं का वो म्यॅडम?"

तीनदा मोजलं, तीन वेगळे आकडे आले. हा तिच्या पायाचा जोर नव्हताच, मी किती वेळ तग धरते त्याचा होता. माझ्या हाताला तिच्या पायाइतकं बळ नाही. असलं मोजमाप काय कामाचं?

१४ ऑगस्ट

जमलं! ताडपत्री आवळायचा पट्टा असतो ना, तो एका ट्रकवाल्याकडून आणला. यंत्र पट्ट्यात अडकवलं, पट्ट्याचं दुसरं टोक कॉटच्या लोखंडी पायाला आवळलं. आता मी धरायचंच नाही. कंबरही दुसऱ्या पट्ट्याने बांधली, म्हणजे मागे रेलून जोर चोरता येत नाही. गुडघ्याचा कोन तोच, गादी नडगीवर पेनाने केलेल्या खुणेवर, मध्ये विश्रांती.

डावा पाय छत्तीस किलो. पुन्हा मोजला, छत्तीस. पुन्हा, पस्तीस. उजवा तीनही वेळा अठराच्या आसपास. मला नाचावंसं वाटलं. बांधलेल्या अवस्थेत शिवकन्या माझ्याकडे बघत राहिली होती. कुणाला वाटेल तिला गुन्हा करताना पकडलंय.

२१ ऑगस्ट

आज तिची सासू बायनाबाई आली, नवरा उत्तरेश्वर आला आणि मुकादम शहादेवही. तिघांना एकच विचारायचं होतं, ही दसऱ्याला उभी राहती का न्हाई.

आमच्याकडे कोयता म्हणजे नुसतं हत्यार नाही, नवरा-बायकोची जोडी. नवरा तोडणार, बायको मोळ्या बांधून डोक्यावरून गाडीत भरणार. बायको नसली की अर्धा कोयता, आणि अर्ध्या कोयत्याला मुकादम दारात उभा करत नाही. शहादेव सरळ म्हणाला, "मला जोडी पायजे. कंची बी चालंल."

बायनाबाईंचं सगळं ठरलेलं होतं. "हिची धाकली हाय की. मनकर्णा. दहावीला गेलीया, पर अंगानं बरी हाय. हिचा पाय न्हाई आला तर तिला करून घिऊ. घरातल्या घरात ऱ्हाईल."

हे शिवकन्येच्या समोरच. उत्तरेश्वर खाली बघून नखाने कॉटचा रंग खरवडत होता. शिवकन्या म्हणाली, "येईल माझा पाय." एवढंच.

मी त्यांना नियम समजावून सांगितला. प्रत्येकाची ताकद वेगळी, म्हणून दुखरा पाय दुसऱ्याच्या पायाशी नाही, त्याच माणसाच्या चांगल्या पायाशी मोजायचा. चांगला पाय म्हणजे तुलनेचा पाय. त्याच्या नव्वद टक्के आला की पास. टक्के कळेनात, तेव्हा भाकरीवर आणलं. डाव्या पायाने दहा भाकरी थापल्या तर उजव्याने नऊ तरी थापायला हव्यात. आज पाचच होतायत.

"अन् डाव्यानंच कमी थापल्या तर?" शिवकन्येने विचारलं. सगळे हसले, मीही हसले. बायनाबाई म्हणाल्या, "घ्या! एक पाय मोडला, आता दुसरा बी मोडून घे."

ट्रस्टने दोन महिने तिला दवाखान्यात ठेवून व्यायाम द्यायचं मान्य केलं. नाहीतरी वॉर्ड रिकामाच आहे, दुष्काळात लोक दुखणं अंगावर काढतात.

१० सप्टेंबर

काल पोळा झाला. बैल धुवायलाही पाणी नव्हतं, लोकांनी ओल्या फडक्याने पुसून शिंगं रंगवली. दवाखान्याचं पाणीही टँकरवर आलं. खाली पिंपं आहेत, वॉर्ड वरच्या मजल्यावर, आणि छबुबाई दिवसभर कुरकुरते.

शिवकन्येचा उजवा पाय वीस, डावा छत्तीसच. पाच भाकऱ्यांच्या साडेपाच झाल्या म्हटलं, तर तिने हिशेब केला आणि म्हणाली, "असं ग्येलं तर दिवाळी बी हुकंल." व्यायाम ती मी सांगते त्याच्या दुप्पट करते. रॉड टाकलेल्या पायाचा स्नायू आहे, तो काय तिच्या घाईने वाढणार आहे? पुस्तकात सरळ लिहिलंय, वर्ष लागतं.

२१ सप्टेंबर

आज मनकर्णा आली होती. आजीचं नाव ठेवलंय, सगळे मनी म्हणतात. शाळेच्या गणवेशातच, दप्तरासकट. बहिणीच्या पायथ्याशी बसून विज्ञानाचं पुस्तक काढलं आणि मला विचारते, "मॅडम, हे न्यूटनमध्ये मोजतं का किलोमध्ये?" किती दिवसांनी कुणी मला धड प्रश्न विचारला! मोठेपणी तुमच्यासारखं व्हायचंय, म्हणाली. मी इतकी खूश झाले की तिलाच पट्टा बांधला. मोज तुझाही, म्हटलं. डावा चोवीस, उजवा चोवीस. निरोगी पोर आहे.

बायनाबाई डबा घेऊन दारात उभ्या होत्या. "बघा मावशी," मी म्हटलं, "याला म्हणतात सारखे पाय. एका ग्रॅमचा फरक नाही."

"दोनी सारखे हायेत म्हना की," बायनाबाई म्हणाल्या, आणि मनीकडे खालून वर बघत बसल्या. बाजारात शेरडं बघतात तसं.

शिवकन्येने डबा उघडलाच नाही. मनी गेल्यावर मला म्हणाली, "म्यॅडम, तिला कावून बांधलं?" मी म्हटलं, अगं गंमत. तिने तोंड फिरवलं. या लोकांना कौतुक केलेलंही कळत नाही.

२४ सप्टेंबर

चोरी पकडली.

डाव्या पायाचे आजचे तीन आकडे: बावीस, एकतीस, सव्वीस. मी समजायचं ते समजले. चांगला पाय कमी रेटला की तुलना आपोआप सुधारते. भाकरीचा प्रश्न तिने उगीच नव्हता विचारला! पण मला फसवणं इतकं सोपं नाही. खरा सगळा जोर लावला की माणूस पुन्हा पुन्हा त्याच आकड्याजवळ येतो. हात राखून रेटणाऱ्याला मागच्या वेळी किती राखलं होतं ते आठवत नाही, त्याचे आकडे विखुरतात. म्हणून तर तीनदा मोजायचं.

मी भयंकर चिडले. बायनाबाई आणि छबुबाईसमोरच सुनावलं. म्हटलं, तिन्ही आकडे जुळल्याशिवाय मी मानणार नाही, आणि पुन्हा असं केलंस तर नापास लिहून मोकळी होईन. बायनाबाईंनी तिच्या पाठीत धपाटा घातला. "डॉक्टरला फसवती व्हय गं!" शिवकन्या रडली नाही. नुसतं विचारलं, "तिनी जुळलं तर मानता?"

"जुळले तर देवसुद्धा नाही म्हणू शकत नाही," मी म्हटलं. रागाच्या भरात का होईना, हे वाक्य बरं जमलं. औरंगाबादला जानेवारीत परिषद आहे, तिथल्या निबंधात घालता येईल.

१ ऑक्टोबर

बोलण्याचा उपयोग झालाच. शिवकन्या सुतासारखी सरळ आली. आता वॉर्डाचं सगळं पाणी तीच भरते. खालच्या पिंपातून हंडा भरून डोक्यावर घेते आणि जिन्याने वर. छबुबाई आधी खूश होती, आता तिचीही तक्रार. "म्यॅडम, ती पानी भरून पुन्हा खाली न्हेऊन वतती वो. पुन्हा भरती. अन् डाव्याच पायावर सगळा भार, उजवा नुसता मागून वढती."

मी म्हटलं, चढताना चांगला पाय आधी टाकायचा हे मीच शिकवलंय तिला. आणि पाणी परत ओततेय तर व्यायाम म्हणून करत असेल. छबुबाईला काम कमी झालेलंही सोसत नाही.

८ ऑक्टोबर

डावा सत्तावीस, सत्तावीस, सव्वीस. उजवा वीस. म्हणजे पाऊण पाय झाला.

डावा इतका उतरला कसा? आधी यंत्रावर संशय घेतला. वाण्याकडून दहा किलोचं माप आणून टांगलं, बरोबर दहा दाखवलं. मग पुस्तक उघडलं. तिथे आहेच: दुखापतीनंतर माणूस बसून राहिला की चांगला पायही झिजतो. शिवाय डब्यात नुसती भाकरी आणि मिरचीचा ठेचा येतो, त्यावर स्नायू कसा टिकेल? आणि मुख्य म्हणजे तिन्ही आकडे जुळताहेत. खोटं असतं तर विखुरले असते.

माझ्या पट्ट्याच्या पद्धतीचं हे केवढं यश! निबंधात हा तक्ता घालायचाच.

१५ ऑक्टोबर

शिवकन्या पास.

डावा बावीस, बावीस, एकवीस. उजवा वीस. नव्वदच्या वर एक टक्का. मी तिला पुन्हा मोजलं, पुन्हा तेच. आबासाहेब स्वतः आले, फोटो काढला. मी कार्डावर लिहिलं: दोन्ही पाय सारखे, कामास योग्य.

ती आत आली तेव्हाच डावा पाय लटलट कापत होता, सकाळपासून तोंडात पाण्याचा थेंब नाही म्हणाली. परीक्षेची भीती, दुसरं काय. कार्ड हातात दिल्यावर माझ्या पाया पडायला वाकली ती खालीच बसली. उठताच येईना. दोन्ही हात फरशीवर टेकून हसत राहिली. "ऱ्हाऊ द्या म्यॅडम, जरा बसते," म्हणाली. शेवटी छबुबाईने काखेत हात घालून उभं केलं. आनंदाने माणसाचं बळ जातं म्हणतात ते खरं आहे. माझ्याही डोळ्यांत पाणी आलं.

जाताना म्हणाली, "मनीला सांगा, तेवढी दहावी कर म्हनाव." तू सांग की, म्हटलं.

२८ ऑक्टोबर

टोळी गेली. ट्रकमध्ये भांडी, कोंबड्या, लेकरं, सगळं एकावर एक. शिवकन्या टपाजवळ उभी होती, डाव्या पायावर. मला हात केला. मी आबासाहेबांना म्हटलं, बघा. ते म्हणाले, पुढच्या साली दुसरं यंत्र घेऊ.

१४ डिसेंबर

शहादेवचा फोन आला. शिवकन्या फळीवरून पडली.

मोळी डोक्यावर, वर चढताना उजवा गुडघा दुमडला. ती खाली ट्रॉलीच्या चाकाशी पडली, आणि ट्रॅक्टर पुढे झाला. डावा पाय गेला. तिकडच्या सरकारी दवाखान्यात मांडीपासून कापला.

"तुमचं कार्ड बगून घेतलीती तिला," शहादेव म्हणाला. मी फोन ठेवला आणि सगळे आकडे काढून बसले. कितीदा तपासले. चूक कुठेच नाही.

१७ डिसेंबर

आबासाहेबांनी बोलावलं होतं. मी आकडे समोर ठेवले, मोजण्याची पद्धत समजावली. त्यांनी चष्मा लावून नीट पाहिलं. "तिनी बी जुळत्यात. मग आपली खोट न्हाई," म्हणाले आणि चहा मागवला. किती हलकं वाटलं!

बायनाबाई मनीला घेऊन तोडीवर गेल्या, असं छबुबाई सांगत होती. अपघातानंतर तिसऱ्या दिवशी. देवळात हार घातले आणि ट्रकमध्ये बसवली. वाईट वाटलं. प्रश्न चांगले विचारायची.

८ जानेवारी २०१९

शिवकन्येला आज वॉर्डात आणून टाकलं. माहेरचे ठेवून घेईनात. मनीच्या लग्नात तिनेच खोडा घातला, वेळेवर बाजूला झाली असती तर पाय तरी राहिला असता, असं आईच म्हणते. तीच कॉट, तीच खिडकी.

कृत्रिम पाय बसवायचा तर उरलेल्या पायाचं बळ पाहावं लागतं. पट्टा बांधला. उजवा पाय एकोणीस.

"आता कंच्या पायाशी मोजता म्यॅडम?" तिने विचारलं. मी म्हटलं, आता तुलना नाही, नुसता आकडा.

मग मीच विचारलं. खरं सांग, डावा तेव्हा का उतरला होता? राखून रेटत होतीस का?

"राखून कशाला? तुमी म्हनला तिनी जुळलं पायजेत. राखलं की जुळत नव्हतं." ती अगदी सरळ बोलत होती, भाजी कशी केली सांगावी तसं. "मग म्यॅडम, मोजायच्या दिशी पहाटंपासून हंडे वर न्ह्यायचे. डाव्यावर. पाक मरून जायचा पाय. मग कितीबी जीव खाऊन रेटलं तरी तेवढंच यायचं. तिनी बारीला तेवढंच."

मला तिचा इतका राग आला! माझी पद्धत, माझा निबंध, परवा औरंगाबादला जायचं आहे! मला एका शब्दाने सांगायला काय झालं होतं? मी काय केलं असतं, असं तिने विचारलं नाही. मीही तो विचार केला नाही. केला तर उत्तर एकच येतं, नापास केलं असतं.

रात्री जेवण गेलं नाही. मग लक्षात आलं, यंत्राने त्या दिवशी त्या पायात जेवढा जोर होता तेवढा बरोबर दाखवला होता. मोजमाप खरंच होतं. निबंधात फरक करायची गरज नाही.

१३ जानेवारी

परिषद छान झाली. उभं राहून टाळ्या वाजवल्या नाहीत, पण एका सरांनी पट्ट्याचा फोटो मागून घेतला. पप्पांना फोन केला. ते म्हणाले, "तुझ्या काट्याला कुनी नाव ठिवलं न्हाई ना? मग झालं."

१६ जानेवारी

शहादेव आला होता. तिकडच्या कारखान्याने बदली माणसांचीही कार्डं मागितलीत. उत्तरेश्वरच्या कोयत्यात आता मनकर्णा आहे, तिचं कार्ड पाहिजे. नसेल तर त्या जोडीला परत पाठवतील.

"पोरगी तिकडं हाय, मोजायला कुठं आनू? तुमी मोजलंय म्हनं तिला मागं," तो म्हणाला. मोजलं होतं. एकवीस सप्टेंबर, डावा चोवीस, उजवा चोवीस. आकडे माझ्याकडे होतेच.

शिवकन्या कॉटवरून ऐकत होती. भिंतीला धरून उठली, एका पायावर, आणि उड्या मारत माझ्या टेबलापर्यंत आली. तो एकोणीस किलोचा पाय कसा कापत होता! टेबलाची कड दोन्ही हातांनी धरून म्हणाली, "म्यॅडम, सारखे न्हाईत म्हून लिवा. एक पाय अधू हाय लिवा. लावून देतील तिला माघारी. परीक्षा मार्चात हाय तिची."

मी म्हटलं, शिवकन्या, मी मोजलेलं बदलत नाही.

"मी तुमाला फसवलं, मला मारा. तिच्यासाठी एवढं एक खोटं लिवा."

शहादेव घड्याळ बघत होता. छबुबाई दारात उभी, हातात रिकामा हंडा. सगळे माझ्याकडे बघत होते, आणि मला शाळेतल्या त्या पोरी आठवल्या. एकदा आकडा सोयीने फिरवला की मग माझ्यात आणि काट्यावर बसणाऱ्यात काय फरक राहिला? दया आली म्हणून बदलला तरी तो बदललेलाच. आणि कार्डावर वयाचा रकाना नाही, तो मी माझ्या मनाने घालू शकत नाही.

मला खूप वाईट वाटत होतं. अक्षर मात्र चांगलं आलं. मनकर्णा. दोन्ही पाय सारखे. कामास योग्य.

शहादेवने शाई वाळायला कार्डावर फुंकर घातली आणि खिशात ठेवलं. शिवकन्या टेबल धरून उभीच होती. मी तिला म्हटलं, बस, पडशील. ती म्हणाली, "तुमी मोजा म्यॅडम, किती येळ हुबी ऱ्हाते ते."